प्रवेशापासून पहिल्या पगारापर्यंत: वंचित घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठाने काय करावे

गरीब घरांतल्या किती मुलांना प्रवेश दिला, हा आकडा विद्यापीठाच्या अहवालात ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्यांपैकी किती जणांनी पदवी घेतली आणि तिशी गाठेपर्यंत त्यांची कमाई आईवडिलांच्या तुलनेत कुठे पोहोचली, हे मात्र फार थोडी विद्यापीठे मोजतात. मुले मध्येच गळतात, तेव्हा ती अभ्यासात कच्ची होती असे मानून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात ही गळती बऱ्याच अंशी विद्यापीठाच्या स्वतःच्या कारभारातून होते. अर्जाची रीत, शुल्काची मुदत, पहिल्या वर्षाचे गणित, थकबाकीमुळे अडलेली नोंदणी ही त्याची ठिकाणे. ती सापडली की त्यांतली बरीचशी दुरुस्त करता येतात.

आधी मोजा

२०१७ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक कॉलेजांचा हिशेब मांडला. त्यांनी दोन आकड्यांचा गुणाकार केला. एक, विद्यार्थ्यांपैकी किती टक्के सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबांतून आले. आणि दोन, त्या मुलांपैकी किती टक्के मोठेपणी कमाईच्या सर्वांत वरच्या २० टक्क्यांत पोहोचले. लॉस एंजलिसमधल्या कॅलिफोर्निया स्टेट या सरकारी विद्यापीठात हे आकडे साधारण ३३ आणि ३० होते, म्हणजे गुणाकार ९.९ टक्के. सगळ्या कॉलेजांची सरासरी होती १.९. नामवंत खासगी विद्यापीठांत दुसरा आकडा मोठा असतो. पहिला इतका लहान असतो की गुणाकारात फारसे काही उरत नाही. उलट दार सताड उघडे ठेवून आत आलेल्यांकडे कुणी पाहत नसेल, तर पहिला आकडा मोठा दिसतो आणि दुसरा कोसळतो.

कमाईचा आकडा मिळायला वर्षे लागतात, म्हणून सुरुवात हातातल्या नोंदींपासून करावी. मागच्या पाच तुकड्या घ्या आणि प्रत्येकीसाठी सहा टप्पे मांडा: अर्ज केला, प्रवेश मिळाला, शुल्क भरून वर्गात आला, दुसऱ्या वर्षात गेला, पदवी मिळाली, वर्षभरात पदवीला साजेशी नोकरी किंवा पुढचे शिक्षण सुरू झाले. प्रत्येक टप्प्यावर कमी उत्पन्नाच्या घरातले, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि बाकीचे अशा तीन रांगा ठेवा. तक्ता विभागवार काढा. विद्यापीठाची सरासरी ठीक दिसत असतानाच एखाद्या विभागाच्या पहिल्या वर्षात निम्मी मुले अडकलेली असतात.

हे करताना दोन अडचणी हमखास येतात. प्रवेश, लेखा आणि परीक्षा विभाग एकाच विद्यार्थ्याला वेगवेगळे क्रमांक देतात, त्यामुळे नोंदी जुळत नाहीत. जुळवायला एक माहीतगार माणूस महिनाभर पूर्णवेळ द्यावा लागतो, तो द्याच. दुसरी अडचण अशी, की सोडून गेलेला विद्यार्थी कागदोपत्री नुसता ‘गैरहजर’ असतो, कारण कुठेच नसते. अशा तीसेक जणांना फोन करा. का सोडले असे विचारले तर उत्तर मोघम येते. ‘शेवटच्या महिन्यात कोणत्या खिडकीवर गेला होतात, तिथे काय सांगितले?’ असे विचारले की नेमकी जागा कळते.

अर्ज

हुशार पण गरीब मुले मोठ्या विद्यापीठाकडे अर्जच करत नाहीत, कारण शुल्काचा छापील आकडा पाहून घरात विषय तिथेच संपतो. सवलत असते, पण ती प्रवेशानंतर, आणखी चार अर्ज भरल्यावर कळते. मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून यावर एक प्रयोग केला. शाळेत चांगले गुण असलेल्या गरीब मुलांच्या घरी नावानिशी पाकीट गेले: प्रवेश मिळाला तर चार वर्षे शिक्षणशुल्क माफ, त्यासाठी आर्थिक मदतीचा कुठलाही अर्ज नको. पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवले गेले. असे पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला होता, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी केला. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. विशेष म्हणजे यातल्या बहुतेक मुलांना तेवढी मदत एरवीही मिळणारच होती. पैसा तोच होता, फक्त खात्री आधी दिली.

आपल्याकडच्या पत्रातही ‘पात्र असल्यास सवलत मिळू शकेल’ असे लिहू नका. ‘तुमचे शिक्षणशुल्क शून्य असेल’ असे लिहा. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च किती, त्यातला किती विद्यापीठ देईल, हे त्याच पानावर आकड्यांत द्या. पत्र शेवटच्या शालेय वर्षाच्या सुरुवातीला पोहोचले पाहिजे. निकालानंतर पोहोचलेल्या पत्राचा उपयोग थोडा, कारण घरातले निर्णय तोवर झालेले असतात.

माहितीपत्रके आणि मार्गदर्शन शिबिरे यांवर भरपूर खर्च होतो आणि हाती थोडेच लागते. अमेरिकेत करविवरण भरून देणाऱ्या कार्यालयांत एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना मुलाला किती मदत मिळेल एवढेच सांगितले, काहींचा अर्ज तिथेच बसून भरून दिला. फक्त माहिती मिळालेल्या गटावर काहीच परिणाम झाला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतली दोन वर्षे कॉलेज पूर्ण करणारी मुले २८ वरून ३६ टक्क्यांवर गेली. म्हणून शाळेत जाऊन भाषण करण्यापेक्षा संगणक घेऊन बसा, अर्ज भरा, कागद तिथेच स्कॅन करा, पोच हातात द्या. एका माणसाकडून दिवसाला १५ ते २० अर्ज नीट होतात. त्याहून जास्त घेतले की चुका वाढतात आणि अर्ज परत येतात. जी माहिती सरकारच्या दुसऱ्या खात्याकडे आधीच आहे, तिचा दाखला मुलाकडून मागू नका. संमती घेऊन विद्यापीठानेच ती मागवावी.

प्रवेशाच्या निकषाचाही विचार हवा. टेक्सासने १९९७ मध्ये कायदा करून राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली, त्यामुळे आधी कधीच मुले न पाठवणाऱ्या शाळांसाठी विद्यापीठांची दारे उघडली. मात्र नुसती हमी पुरत नाही. अशा शाळेतल्या मुलाला पैसा आणि सोबत या दोन्हींची व्यवस्था पत्रासोबतच दिसली पाहिजे.

प्रवेश मिळाला, पण मूल आलेच नाही

प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत बरीच मुले हरवतात आणि विद्यापीठाला पत्ता नसतो. एखादा दाखला अपुरा राहतो, वसतिगृहाची अनामत भरायची तारीख कळत नाही, आणि घरी विचारायला या वाटेने गेलेले कुणी नसते. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट या सरकारी विद्यापीठाने २०१६ मध्ये या काळासाठी मोबाइल संदेशांची यंत्रणा लावली. प्रत्येकाचे कोणते काम बाकी आहे ते पाहून संदेश जात आणि प्रश्नांना रात्री-अपरात्रीही उत्तर मिळे. ही गळती सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाली.

अशी यंत्रणा नसली तरी काम अडत नाही. प्रवेशितांची यादी आठवड्यातून एकदा काढा आणि ज्याचे जे काम बाकी आहे तेवढाच संदेश पाठवा: ‘तुमचा उत्पन्नाचा दाखला मिळालेला नाही. या क्रमांकावर फोटो पाठवला तरी चालेल.’ सगळ्यांना एकच लांबलचक सूचना गेली तर तिसऱ्या संदेशानंतर कुणी वाचत नाही. उत्तर देणारा माणूस खरा हवा आणि त्याला निर्णयाचा थोडा अधिकार हवा, निदान मुदत आठ दिवस वाढवण्याचा तरी. दोन संदेशांना उत्तर आले नाही तर फोन करावा, तोही संध्याकाळी; दिवसा ही मुले बहुधा कामावर असतात.

पहिले वर्ष

सर्वांत जास्त मुले इथेच जातात, म्हणून सर्वांत चांगले शिक्षक आणि सर्वांत जास्त पैसा इथेच लागला पाहिजे. होते उलटे. नवखे किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक पहिल्या वर्षाला आणि अनुभवी प्राध्यापक दहा-बारा जणांच्या शेवटच्या वर्गाला. हे वाटप बदलायला पैसा लागत नाही, विभागप्रमुखाशी वाद घालायची तयारी लागते.

कच्च्या मुलांसाठी आधी सहा महिने किंवा वर्षभर पायाभूत वर्ग आणि मग मुख्य विषय, ही पद्धत समंजस वाटते. तिचे आकडे वाईट आहेत. पायाभूत वर्गाला श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट्स) नसतात, वेळ आणि पैसा जातो, ‘आपण इथले नाही’ हे मनात पक्के होते आणि मुख्य विषयापर्यंत पोहोचण्याआधीच मूल जाते. टेनेसी राज्याच्या कॉलेजांनी ही पायरी काढून कच्च्या मुलांना थेट मुख्य गणितात बसवले आणि त्याच सत्रात जोडवर्ग दिला. आधी त्यांतली १२ टक्क्यांच्या आसपास मुले गणितातून पार पडत होती, नव्या पद्धतीत निम्म्याच्या जवळपास पडू लागली. जोडवर्ग लावताना एक पथ्य पाळा: शिक्षक तोच असावा, किंवा दोघांनी आठवड्याला अर्धा तास एकत्र बसावे. मुख्य वर्गात या आठवड्यात जे चालले आहे त्याचीच तयारी जोडवर्गात झाली पाहिजे. दोन्ही वर्ग आपापल्या वाटेने चालले की जोडवर्ग म्हणजे पुन्हा जुना पायाभूत वर्गच, आणि तो अयशस्वी होतो.

गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात जे पाहिले ते आजही प्रत्येक विभागाने समजून घ्यावे. कलनात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडणारी कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, पण एकटी अभ्यास करत होती. पुढे असणारे चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत होते. ट्राइसमन यांनी मागे पडणाऱ्यांसाठी सोपी शिकवणी काढली नाही, कठीण गणितांचे गटवर्ग काढले, आणि मुलांची कामगिरी सुधारली. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, चार-पाच जणांचे गट, व्याख्यान अजिबात नाही आणि गणिते परीक्षेपेक्षा थोडी अवघड. वर्गाच्या नावात ‘उपचारात्मक’ हा शब्द नको. तो वाचला की ज्याला गरज आहे तोच येत नाही. वर्ग वेळापत्रकातच असावा, कारण ऐच्छिक मदत आधीच सावरलेली मुले घेतात.

अध्यापनाची पद्धतही इथे महत्त्वाची आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या २२५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले. निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्यांमध्ये नापास होण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, वर्गातच प्रश्न सोडवणाऱ्यांमध्ये सुमारे २२. पुढे २०२० च्या विश्लेषणात दिसले की अशा अध्यापनाने वंचित आणि इतर विद्यार्थ्यांतली दरीही अरुंद होते.

धोक्याची घंटा आणि ती ऐकणारा माणूस

जॉर्जिया स्टेटमध्ये २००३ साली सहा वर्षांत पदवी मिळवणारे ३२ टक्के होते. दशकभरात हे प्रमाण ५० च्या वर गेले, आणि वंश वा उत्पन्नानुसार असलेली तफावत जवळपास मिटली. २०१२ पासून त्यांनी रोज प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदी तपासणारी यंत्रणा चालवली. चुकीचा विषय घेतला, पायाच्या विषयात कमी श्रेणी आली, नोंदणी केली नाही, अशा शेकडो खुणा ती पकडते. या यंत्रणेचे नाव खूप होते, पण काम झाले ते मोठ्या संख्येने नेमलेल्या सल्लागारांमुळे. खूण दिसली की सल्लागार विद्यार्थ्याशी संपर्क साधत असे. एका सल्लागाराकडे साधारण ३०० विद्यार्थी होते.

महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन खुणा हाताने पाळून पाहा. दुसऱ्या आठवड्याअखेर सलग तीन तास गैरहजर. चौथ्या आठवड्यात पहिल्या छोट्या चाचणीत निम्म्याहून कमी गुण. पुढच्या सत्राची नोंदणी मुदतीच्या दहा दिवस आधीही नाही. चौथ्या आठवड्यात चाचणी घेतलीच जात नसेल तर आधी ती सुरू करा. सत्राच्या शेवटी नापास झाल्यावर वाजलेल्या घंटेचा काय उपयोग? खूण मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बोलणे झाले पाहिजे.

इथे दोन गोष्टी बिघडतात. खूण दिसली की विद्यार्थ्याला आपोआप पत्र जाते: ‘तुमची प्रगती असमाधानकारक आहे.’ आधीच धास्तावलेल्या मुलाला ती हकालपट्टीची नोटीस वाटते आणि तो येणे बंद करतो. पत्राऐवजी फोन करावा, आणि पहिले वाक्य मदतीचे असावे. दुसरे अधिक गंभीर आहे. गरिबी, जात, वंश किंवा शाळेचे नावच धोक्याची खूण म्हणून यंत्रणेत घातले जाते आणि सल्लागार अशा मुलाला ‘तुला झेपेल असा’ सोपा विषय सुचवू लागतो. मुलाने वर्गात काय केले एवढेच खुणांत असावे, तो कुठून आला हे नसावे. सल्ल्यानंतर किती मुलांनी अवघड शाखा सोडली याची दरवर्षी गटवार तपासणी करा. सल्लागार कुणाला परत फिरवत आहेत हे त्यातून दिसते.

पैसा: रक्कम लहान, वेळ मोठी

शिष्यवृत्ती मंजूर असते, पण हातात पडते सत्र अर्धे सरल्यावर. तोवर पुस्तके, खोलीभाडे, प्रवास हे सारे उसनवारीवर. म्हणून पहिला नियम असा: शिष्यवृत्ती येणार असल्याची नोंद असेल तर विद्यापीठाने सत्राच्या पहिल्या आठवड्यात निर्वाहाची निदान दोन महिन्यांची रक्कम आगाऊ द्यावी आणि नंतर वळती करून घ्यावी. लेखापरीक्षक हरकत घेतील. त्यासाठी व्यवस्थापन परिषदेचा ठराव आधी करून ठेवा, फाइलवर तोंडी आदेश चालवू नका.

दुसरे, लहान थकबाकीपायी अडणारी नोंदणी. काही विषय उरलेले मूल ग्रंथालयाचा दंड किंवा वसतिगृहाची बाकी भरता येत नाही म्हणून नोंदणीतून गळते. जॉर्जिया स्टेटने २०११ पासून अशा विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने दिली, जास्तीत जास्त २,५०० डॉलरपर्यंत. वेगळेपण असे की विद्यार्थ्याने अर्ज करायचाच नसतो. कर्मचारी नोंदणी रद्द होणाऱ्यांची यादी घेतात, अभ्यास नीट चालू असलेली मुले निवडतात आणि रक्कम थेट खात्यात वळती करतात. अर्ज मागितला की मदत धिटाईने मागणाऱ्यांकडे जाते, लाजणारी मुले निघून जातात. आजारपण किंवा राहते घर गमावणे अशा तातडीसाठी वेगळा निधी ठेवा. निर्णय दोन कामाच्या दिवसांत, एका अधिकाऱ्याच्या सहीने. पाच जणांची समिती नेमली की निधी वर्षअखेरीला शिल्लक राहतो आणि ‘मागणीच नव्हती’ असा शेरा पडतो.

या गोष्टी सुट्या देण्यापेक्षा एकत्र दिल्या तर फळ कितीतरी मोठे येते. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या सामुदायिक कॉलेजांत (जिथे पदवी दोन वर्षांची असते) तसेच केले: उरलेले शुल्क माफ, पुस्तके, शहरी वाहतुकीचा पास, ठरावीक गटासोबत सोयीचे वेळापत्रक आणि ६० ते ८० विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार. बाकीच्यांच्या वाट्याला ६०० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार येत होता. विद्यार्थ्याकडून मागणी एवढीच होती की पूर्णवेळ शिकायचे आणि सल्लागाराला भेटायचे. सोडत काढून केलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदवी मिळवणारे या गटात ४० टक्के निघाले, इतरांत २२. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, तरी दर पदवीमागचा खर्च कमीच आला. वित्त समितीपुढे हाच हिशेब मांडा. दर विद्यार्थी खर्चाचा आकडा दाखवाल तर प्रस्ताव फेटाळला जाईल.

पैसे कमी असतील तर सगळ्यांना थोडे थोडे वाटू नका. एका विभागात २०० मुलांना पूर्ण संच द्या. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढा. त्याने न्यायही होतो आणि पुढे तुलनाही करता येते.

दुसऱ्या संस्थेतून येणारे

लहान कॉलेजात सुरुवात करून मोठ्या विद्यापीठात येणारी मुले बहुधा कमी पैशांच्या घरातली असतात. अमेरिकी सरकारच्या लेखातपासणी संस्थेने २०१७ मध्ये अंदाज काढला, की संस्था बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावतात. उपाय कंटाळवाणा आहे आणि तोच चालतो. ज्या दहा कॉलेजांतून सर्वाधिक मुले येतात त्यांच्याशी विषयवार तुलनातक्ता करा, तो जाहीर करा आणि कोणता विषय धरला, कोणता नाही, हे मुलाला शुल्क भरण्यापूर्वी लेखी द्या. प्राध्यापकांनी विषय नाकारला तर एका ओळीत कारण लिहिणे बंधनकारक करा. नकार लगेच कमी होतात.

पहिली नोकरी

पदवी मिळाली तरी ओळखी नसतात. चांगल्या कामाच्या जागा बऱ्याचदा ओळखीतून भरतात आणि बिनपगारी उमेदवारी (इंटर्नशिप) गरीब मुलाला परवडत नाही. त्यामुळे उमेदवारी पगारी हवी आणि अभ्यासक्रमाचा भाग हवी. संस्था पैसे देत नसेल तर विद्यापीठाने विद्यावेतन द्यावे, नाहीतर ती संस्था यादीतून काढावी. आवारातली कामेही मोजा. प्रयोगशाळा, संगणक केंद्र, लेखा विभागातली कामे या मुलांना आधी द्या, आठवड्याला १५ तासांपर्यंत; त्यापुढे अभ्यास बिघडू लागतो. झेरॉक्स काढण्याचे काम देऊन उपयोग नाही. पुढे अर्जात लिहिता येईल असे काम द्या आणि वरिष्ठाने शेवटी एक पान शिफारस द्यावी.

मुलाखतीची तयारी शेवटच्या सत्रात सुरू करणे फार उशिराचे आहे. दुसऱ्या वर्षात प्रत्येकाची निदान दोन माजी विद्यार्थ्यांशी अर्ध्या तासाची भेट ठरवून द्या, शक्यतो तशाच घरातून आलेल्यांशी. ‘हवे असल्यास संपर्क साधा’ असे सांगून चालत नाही. तारीख आणि वेळ विद्यापीठाने ठरवावी.

जे उंबरठ्यावरून परत गेले

मागच्या दहा वर्षांत तीन चतुर्थांश श्रेयांक पूर्ण करून सोडून गेलेल्यांची यादी काढा. हे काम आठवड्याभराचे आहे. प्रत्येकाला एक पान पाठवा: नेमके कोणते विषय उरले, ते कोणत्या सत्रात आणि कोणत्या वेळी शिकवले जातात, बाकी किती आणि त्यातली किती माफ होईल, जुना अभ्यासक्रम बदलला असेल तर आता कोणता विषय चालेल. खाली एकाच माणसाचे नाव आणि थेट क्रमांक. संध्याकाळचे वर्ग नसतील तर हे पत्र पाठवू नका. यातले बहुतेक जण आता दिवसभर नोकरी करतात. आणि पत्र पाठवण्यापूर्वी परीक्षा विभागाकडून यादी एकदा तपासून घ्या. यादीतल्या काही जणांची पदवी केव्हाच पूर्ण झालेली असते. अर्ज आला नाही म्हणून प्रमाणपत्र छापलेले नसते, एवढेच.